गळलेले पंख

मृगाच्या पहिल्या पावसानंतरची सकाळ. सांगलीजवळच्या एका जुन्या वाड्यात आक्का केर काढीत होत्या. भिंतीतल्या लाकडी कपाटाच्या पायाशी पातळ, चकचकीत पंखांचा लहानसा ढीग पडला होता. पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरे येतातच, असे म्हणून आक्कांनी मऊ केरसुणीने पंख हळुवार गोळा केले, त्यांत जिवंत काही नाही ना ते पाहिले आणि अंगणात टाकले. जीव जपला, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले. रात्रभर खिडक्या बंद असताना पंख कपाटापाशीच का गळाले, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. स्वाध्यायासाठी दिवंगत अण्णांच्या हस्ताक्षरातील वह्या काढावयास त्यांनी कपाट उघडले. पुठ्ठे जागच्या जागी होते. आत कागदाऐवजी ओलसर माती होती. ४० वर्षांच्या टिपणांपैकी जेमतेम २ वह्या शाबूत निघाल्या. रिकामा पुठ्ठा हातात धरून आक्का बराच वेळ बसून राहिल्या.

मुलाने सुतारास बोलावले. त्याने चौकटीवर बोट वाजवले. रंग अभंग होता, पण आवाज पोकळ आला. कपाटाच्या कडेने पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी जमिनीपासून वर चढली होती. "वाळवीला कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती अशा आडोशातून ये-जा करते," तो म्हणाला. "नळीचा तुकडा मोडून पाहावा. काही दिवसांत तो पुन्हा लिंपला गेला, तर आत वावर चालू आहे असे समजावे." पंखांची खूणही त्याने सांगितली. उडत्या मुंगीचे पुढचे पंख मोठे व मागचे लहान असतात. वाळवीचे चारही सारख्याच लांबीचे. भिंतीपलीकडे न्हाणीघरातला नळ गळत होता. ओल तिथूनच आली होती.

"पंख दिसले तेव्हाच ओळखले असते तर?" आक्कांनी विचारले.

"नळ दुरुस्त केला असता, कपाट रिकामे केले असते. औषध कदाचित तेव्हाही लागले असते, आक्का. पण वह्या वाचल्या असत्या."

औषधाला होकार देताना आक्कांचा स्वर कापला. त्या रात्री प्रतिक्रमणात त्या तीन इंद्रियांच्या जिवांची क्षमा मागताना त्यांना औषधापेक्षा मृगाची ती सकाळच अधिक आठवली. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, हे अण्णा नेहमी सांगत. समोर आलेली खूण न पाहणे हाही प्रमादच, हे त्यांना आज उमगले.

उरलेल्या २ वह्या आता लोखंडी कपाटात, भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्या आहेत. नळ गळत नाही. दर चतुर्दशीला आक्का दिवा घेऊन भिंतीच्या पायथ्याने नजर फिरवतात आणि प्रत्येक चौकटीवर बोट वाजवून कान देतात.