दापोडी की दापोली? पत्त्याच्या शेवटच्या टप्प्याची गोष्ट

१/ पुण्याच्या वायव्येला, मुळेच्या काठावर दापोडी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून थोड्या अंतरावर दापोली आहे. दौंड तालुक्यात आणखी एक दापोडी आहे. पाकिटावरची शाई जराशी पसरली, तर एका अक्षराच्या चुकीने पुण्याचे पत्र सह्याद्री उतरून कोकणात जाऊ शकते. दूरवर पार्सल पोहोचवणाऱ्या आजच्या ‘स्मार्ट’ व्यवस्थेची गोष्ट या एका अक्षरापासून सुरू करता येते.

२/ अंतर हा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण झाली आणि मुंबईचे टपाल आगगाडीने थेट दापोडीवरून पुण्यात येऊ लागले. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही. पी. ची सोय केली. पार्सल दारात येणार, पैसे पोस्टमनच्या हाती द्यायचे आणि मगच वस्तू ताब्यात घ्यायची. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून ओळखली जाणारी रीत ती हीच. मराठी पुस्तके आणि मासिके कित्येक दशके याच मार्गाने खेडोपाडी गेली.

३/ अवघड होते ते दार ओळखणे. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, प्रत्येकाचे निराळे हस्ताक्षर. धावत्या रेल्वेच्या डब्यात टपालाची वर्गवारी करणाऱ्याला पत्ता वाचायला क्षणभरच मिळे. यावरचा तोडगा एका मराठी अधिकाऱ्याच्या नावावर आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय संचार मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि टपाल व तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते. ते संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला.

४/ दापोडीचा पिन ४११०१२. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आजचे छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन अंक, ४११, म्हणजे पुणे. शेवटचे तीन, ०१२, म्हणजे वाटप करणारे टपाल कार्यालय. कोकणातल्या दापोलीचा पिन ४१५७१२. दोन्हींची सुरुवात ४१ ने आणि शेवट १२ ने होतो, पण तिसऱ्या अंकापाशीच वाटा फुटतात. मराठीचे एक अक्षरही न येणारा माणूस ही दोन गावे आता चुकवू शकत नाही.

५/ मात्र वेलणकरांची ही संख्या टपाल कार्यालयाच्या उंबरठ्यावर थांबते. पुढे कोणता बोळ, कोणती चाळ, एकाच आडनावाच्या तीन घरांपैकी कोणते, हे सहा अंकांत कुठेच नाही. ते पोस्टमनच्या डोक्यात असते. यंत्रणेचा शेवटचा टप्पा माणसाच्या स्मरणावर सोडलेला होता, आणि यंत्रणेला ते ठाऊक होते.

६/ खुणांनी पत्ता सांगण्याची आपली रीत तर फार जुनी. कालिदासाचा यक्ष मेघाला अलकानगरीपर्यंतचा लांबलचक मार्ग सांगतो आणि अखेरीस घर ओळखण्याच्या खुणा देतो. कुबेराच्या महालाच्या उत्तरेला, इंद्रधनुष्यासारख्या तोरणाचे, अंगणात मंदाराचे लहान झाड असलेले. ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ’ हा आजचा पत्ता त्याच कुळातला. असा पत्ता तिथे वावरणाऱ्यालाच कळतो.

७/ गावोगावच्या पार्सलांच्या इतिहासात दापोडीला आणखी एक स्थान आहे. राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा इथेच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे एस.टी.च्या टपावरून आणि डिकीतून टपालाच्या पिशव्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, यंत्रांचे सुटे भाग, आंब्याच्या पेट्या गेल्या. मे २०२० मध्ये टाळेबंदीने प्रवासी थांबले, तेव्हा महामंडळाने जुन्या बसमधली आसने काढून त्या मालवाहू केल्या. पण बसही स्थानकापर्यंतच जाते. तिथून पार्सल न्यायला कुणीतरी यावे लागते.

८/ मजल्यापर्यंत जाणारी खूण तयार केली ती मुंबईच्या डबेवाल्यांनी. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात बहुतेक माणसे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली. डब्याच्या झाकणावरचे रंग, अक्षरे आणि आकडे स्थानक, इमारत आणि मजला सांगतात. ही लिपी इतकी अचूक ठरली, कारण ती ठरवणारे आणि डबा घेऊन जिना चढणारे लोक एकच होते. शिवाय कमाईही ते आपसांत वाटून घेत.

९/ आता चाकण–तळेगाव पट्ट्यातल्या मोठ्या गोदामांकडे पाहू. तिथून निघालेल्या पार्सलावर बारकोड असतो, वाटप करणाऱ्याच्या हाती फोन असतो आणि फोनवर मार्ग आखलेला असतो. ‘देवळामागे, पिंपळाजवळ’ हे यंत्राला सुरुवातीला कळत नाही. वाटप करणारा विचारत विचारत दार गाठतो आणि ‘पोहोचले’ असे नोंदवतो. त्या क्षणाचे अक्षांश-रेखांश साठवले जातात. अशा पुष्कळ नोंदी जमल्या, की यंत्राला घर ‘कळते’. पोस्टमनच्या डोक्यात राहणारे ज्ञान असे पावलापावलाने संगणकात उतरते.

१०/ जिथे रस्ताच आडवा येतो, तिथे ड्रोन आले. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने गेल्या. रस्त्याने चाळीस मिनिटांहून अधिक लागणारे सुमारे वीस किलोमीटरचे अंतर नऊ-दहा मिनिटांत कापले गेले. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने कर्जत ते माथेरान अशी चाचणी घेतली. दीड तासाच्या वाटेऐवजी सुमारे दहा किलोंचे ओझे पंधरा मिनिटांत डोंगरावर पोहोचले. दोन्ही ठिकाणी लाभ खरा आहे. लशीला थंडावा लागतो आणि माथेरानात मोटारींना बंदी आहे. पण ड्रोनही एका ठरलेल्या जागी उतरतो. पुढचे वाटप पायीच.

११/ २०२५ च्या मे महिन्यातच टपाल खात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने तयार झालेल्या या पद्धतीत सारा देश सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत विभागला आहे. प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-अंकांची खूण. जिच्या घराला क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही, अशा वस्तीलाही आता लिहिता येण्याजोगा पत्ता मिळतो. रुग्णवाहिका बोलावताना याचे मोल कळेल. तरीही चौकट जमिनीवरची आहे. एकावर एक चार मजले असतील, तर चौघांची खूण एकच.

१२/ पिन कोडने माणसाचे ज्ञान जागेवर ठेवले होते. नवी यंत्रणा ते उचलून घेते. जुन्या पोस्टमनला गल्ली पाठ होती, म्हणून ती गल्ली त्याच्याकडेच राहण्यात खात्याचे हित होते. गल्ली एकदा फोनला पाठ झाली, की फोन कुणाच्याही हाती देता येतो. ज्याच्या चालण्याने नकाशा तयार झाला, त्याची किंमत नकाशा पूर्ण होताच घटते. ‘गिग कामगार’ ही संज्ञा देशाच्या कायद्यात आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, आणि ती संहिता लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला.

१३/ म्हणून स्मार्ट व्यवस्थेला विचारायचा प्रश्न वेगापुरता नाही. शेवटच्या टप्प्याचे ज्ञान कुणी कमावले आणि त्याचा मोबदला कुणाला मिळाला, हेही विचारायला हवे. डबेवाल्यांनी याचे एक उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. दापोडीच्या बोळात भर पावसात पार्सल छातीशी धरून नाव विचारत फिरणाऱ्या मुलाला ते अजून मिळायचे आहे.