जडसन यांचा बंदिवास व त्यापासून मिळणारा बोध

सत्पुरुषांच्या छळाच्या हकिकती मुलांस आवडतात, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. हकिकत चालू असते तोवर सारा वर्ग चित्रासारखा स्तब्ध बसतो. पण 'यापासून बोध असा की' हे शब्द आमच्या तोंडून निघाले, की नजरा खिडकीबाहेर जाऊ लागतात. याचा दोष आम्ही मुलांस देत नाही. बोध हा गोष्टीच्या शेपटास बांधलेला असला म्हणजे असेच व्हावयाचे. तो गोष्टीच्या पोटातच असला पाहिजे. म्हणून ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, आद्य मिशनऱ्यांपैकी एक जे अ‍ॅडोनिराम जडसन, त्यांच्या बंदिवासाची हकिकत जशी घडली तशीच येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जडसन यांचा जन्म १७८८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात एका पाळकाच्या घरी झाला. ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या मंदिरात पाच तरुणांस मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांत जडसन होते, आणि गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हेही होते. हॉल व नॉट १८१३ साली मुंबईस उतरले व त्यांच्यापासून आपल्या मराठी मिशनचा आरंभ झाला. तेव्हा जडसन हे आपल्यास अगदीच परके नव्हेत. आपल्या मिशनच्या मूळपुरुषांचे ते दीक्षाबंधू होत. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारास मिशनरी नको होते. कलकत्त्यास उतरताच त्यांस निघून जाण्याचा हुकूम झाला, आणि पुष्कळ वणवण करून जडसन व त्यांची पत्नी अ‍ॅन ही १८१३ च्या जुलैत रंगून बंदरात पोहोचली.

तेथे व्याकरण शिकविणारी सोयीची पुस्तके नव्हती. नवरा-बायको रोज तासन् तास भाषा शिकत बसत. पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा, मौंग नाउ याचा, बाप्तिस्मा झाला तो १८१९ च्या जूनमध्ये. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांनी! आपल्या विद्यार्थ्यांस सहामाहीच्या निकालापर्यंतही धीर धरवत नाही, आणि आम्हां शिक्षकांस तरी कोठे धरवतो? ही सहा वर्षे तुरुंगवासाइतकीच कठीण होती, असे आम्हांस वाटते. कारण छळ पाहावयास लोक तरी जमतात, निष्फळ दिसणारे श्रम पाहावयास कोणी येत नाही.

१८२४ साली इंग्रज व ब्रह्मी राजा यांच्यामध्ये युद्ध जुंपले. अमेरिकन व इंग्रज यांतील भेद आवा राजधानीतील अधिकाऱ्यांस पटला नाही. त्यातून जडसन यांस येणारा पैसा एका इंग्रज व्यापाऱ्याच्या मार्फत येत असे. हे हेर असावेत असा संशय आला, आणि ता. ८ जून रोजी त्यांस घरातून दोरीने बांधून नेण्यात आले. ज्या तुरुंगात टाकिले, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'हात आखडू नकोस' असा होता. पायांत तीन जोड बेड्या. रात्री सर्व कैद्यांचे पाय एका बांबूस अडकवून तो बांबू वर ओढावयाचा, म्हणजे खांदे तेवढे जमिनीस टेकत. कैद्यांस अन्न मिळे ते बाहेरून कोणी आणील तेव्हा. अ‍ॅनबाई ते आणीत, आणि दिवसभर एका अधिकाऱ्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारात विनवण्या करीत हिंडत. त्या त्या वेळी गरोदर होत्या. १८२५ च्या जानेवारीत मुलगी झाली. तिचे नाव मरिया.

राजास कोणी एक सिंह नजर केला होता. युद्ध सुरू झाल्यावर, सिंह हे इंग्रजांच्या निशाणावरील जनावर, म्हणून त्या मुक्या प्राण्यावरही वहीम आला व तुरुंगाच्या आवारात त्यास उपाशी मारण्यात आले. पुढे तापाने फणफणलेल्या जडसन यांस त्याच रिकाम्या पिंजऱ्यात निजण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांस ती मोठी मेहेरबानी वाटली! पंख्याखाली बसून कुरकुर करणाऱ्या आम्हां सर्वांनी हा पिंजरा अधूनमधून आठवावा.

जडसन यांनी नव्या कराराचे ब्रह्मी भाषांतर १८२३ साली पुरे केले होते. त्याचे हस्तलिखित अ‍ॅनबाईंनी प्रथम घराखाली पुरून ठेविले. पण पावसाळ्यात ते कुजेल, म्हणून एका कापसाच्या उशीत शिवून तुरुंगात पाठविले. उशी इतकी टणक व ओबडधोबड केली की कोणास तिचा लोभ सुटू नये. १८२५ च्या मे महिन्यात कैद्यांस औंगपेनला येथे हलविताना पहारेकऱ्याने वरचे अभ्रे ओरबाडून आतील गोळा फेकून दिला. मौंग इंग नावाच्या शिष्याने, गुरूची एवढीच आठवण राहिली म्हणून, तो उचलून घरी नेला. आत काय आहे हे त्यास ठाऊकही नव्हते. कित्येक महिन्यांनी उशी उसविली, तो आत सारे हस्तलिखित सुरक्षित! येथे पुस्तक वाचले ते शिष्याच्या विद्वत्तेने नव्हे, निव्वळ प्रेमाने. घरातील साध्या माणसाच्या साध्या निष्ठेने केवढे कार्य तरून जाते, हे आमच्या पालकवर्गाने ध्यानात घ्यावे.

औंगपेनलाची वाट भर उन्हात अनवाणी चालावयाची होती. तापलेल्या वाळूने जडसन यांच्या तळपायांची कातडी सोलून निघाली. तेव्हा त्या इंग्रज व्यापाऱ्याचा बंगाली नोकर धावत आला. त्याने आपले पागोटे टरकन फाडले, अर्धे धन्यास दिले, अर्धे जडसन यांच्या पायांस बांधावयास दिले, आणि खांद्याचा आधार देऊन त्यांस पुढे नेले. पुढे अ‍ॅनबाई आजारी पडून त्यांचे दूध आटले, तेव्हा जडसन बेड्या घातलेल्या पायांनी तान्ह्या मरियेस घेऊन गावात फिरत, आणि लेकुरवाळ्या ब्रह्मी बाया आपल्या मुलांच्या वाटणीतील घोटभर दूध तिला पाजीत. मुलांनो, 'जे शिकवावयास गेले, त्यांस या लोकांनी शिकविले' असे आम्ही म्हटले तर ते खोटे ठरेल काय? ज्या देशाने त्यांस बेड्या घातल्या, त्याच देशाच्या मातांनी त्यांचे लेकरू जगविले. म्हणून कोणत्याही राष्ट्राचा द्वेष करण्यास ही हकिकत आधार देत नाही.

सुमारे सतरा महिन्यांनी, तहाच्या बोलण्यांत दुभाषा हवा म्हणून, जडसन यांची सुटका झाली. १८२६ च्या फेब्रुवारीत यांदाबो येथे तह झाला. तेथील मेजवानीत अ‍ॅनबाईंस पाहून एक ब्रह्मी अधिकारी थरथर कापू लागला, असे त्यांच्या चरित्रात आले आहे. कैदेतील पतीसाठी बाई उन्हातून पायी त्याच्या दारी गेल्या असता त्याने त्यांस हाकून दिले होते, वर त्यांची रेशमी छत्रीही हिसकावून घेतली होती. आता सूड घेणे एका शब्दाचे काम होते. बाई त्यास ब्रह्मी भाषेत एवढेच म्हणाल्या, की तुम्हांस भिण्याचे कारण नाही.

गोष्ट येथे संपती तर किती बरे होते! परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अ‍ॅनबाई वारल्या, व सहा महिन्यांनी मरियाही गेली. हे ऐकून, त्याच वर्षी ज्याचे वडील निवर्तले होते असा एक मुलगा आमच्या वर्गात उभा राहिला. "सर, शेवटी सगळे गेलेच, तर मग प्रार्थनेचा उपयोग काय झाला?" असे त्याने विचारिले. त्यास गप्प बसविणे सोपे होते. पण तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, दुःखाचा होता. आम्ही त्यास जडसन यांचीच पुढील हकिकत सांगितली. दुःखाने त्यांचेही मन खचले. त्यांनी रानात झोपडी बांधली, थडगे खणले व त्याच्या काठी ते बसून राहत. 'का?' याचे उत्तर त्यांसही मिळाले नाही. परंतु काही काळाने ते उठले व मेजाशी परत आले. ता. ३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी पुरे केले, आणि ते आजही त्या देशात वाचिले जाते. मुलगा काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो आम्हांस टाळीनासा झाला, एवढे आम्हांस पुरे आहे.

१८५० च्या एप्रिलात जडसन समुद्रप्रवासात वारले व त्यांचा देह समुद्रासच अर्पण करण्यात आला. त्यांच्या कबरेवर फूल वाहण्याची सोय नाही. ज्यास त्यांचे स्मरण करावयाचे असेल, त्याने एखाद्या अपराध्यास निर्भय करावे, एखाद्या पोळलेल्या पायास आपले अर्धे पागोटे द्यावे, आणि अर्धवट राहिलेले आपले काम दुःखातही पुन्हा हाती घ्यावे. आमच्या विद्यार्थ्यांस ही बुद्धी व हे बळ प्रभू देवो, हीच आमची प्रार्थना.