काकांचा एफ ११

सहा मिनिटं! तळोद्यात काकांचं टायपिंगचं दुकान आहे, तिथला कॉम्प्युटर सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा. तोवर काकांची अगरबत्ती, चहा, पेपर सगळं उरकायचं. आता पुण्यात आयटीत असलेल्या पुतण्याला हे बघवणार आहे का? मागच्या जूनमध्ये घरी गेलो, तेव्हा रात्री शटर अर्धं ओढून कामालाच लागलो.

टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’ टॅब उघडला. (एक्सपीच्या जमान्यात त्यासाठी ‘एमएसकॉन्फिग’ टाइप करून आपण काय शायनिंग मारायचो, आठवतंय?) १७ प्रोग्राम! त्यातले बरेचसे शॉर्टकट कळांवर जगणारे. कळ दाबली की उठणारे, एरवी मागे गुपचूप बसून मेमरी खाणारे. मराठी टायपिंगचं एक जुनाट सॉफ्टवेअर, कुठलीशी स्क्रिप्ट, कीबोर्डवरच्या ईमेलच्या बटणासाठी एक, स्क्रीनशॉटसाठी एक. ओळखीचं वाटेना ते मी धडाधड बंद केलं. स्क्रीनशॉटवालं तेवढं ठेवलं. का? तर मी स्वतः ते वापरतो म्हणून. कॉम्प्युटर दीड मिनिटात सुरू व्हायला लागला. झोप मस्त लागली राव.

सकाळी दहाला काकांचा आवाज. ‘‘काय करून ठेवलं रे भो?’’

जून म्हणजे दाखल्यांचा सीझन. बाकावर धडगावकडचे एक आजोबा नातीला घेऊन बसले होते. तिच्या जातीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र टाइप करून हवं होतं. चांदसैली घाट उतरून आलेली माणसं, परतीची गाडी दुपारची. आणि इकडे काका मराठीसाठी एफ ११ दाबतायत, तर दर वेळी कोऱ्या पानाचा फोटो निघतोय!

मी मराठीचं सॉफ्टवेअर हाताने सुरू केलं. तरी फोटोच. मग ट्यूब पेटली. सगळीकडे चालणारी अशी कळ विंडोज साधारणपणे एकाच प्रोग्रामला देतं, आणि जो आधी मागेल त्याला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. रोज मराठी आधी सुरू व्हायचं, म्हणून एफ ११ त्याच्याकडे असायचा. मी त्यालाच झोपवल्यावर रुमाल दुसऱ्याने टाकला होता. स्क्रीनशॉटवालं बंद केलं, मराठी पुन्हा सुरू केलं. उमटलं एकदाचं अक्षर.

‘‘काका, विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आयतंच असतं. वेगळा प्रोग्राम लागतच नाही,’’ मी सुचवून पाहिलं.

‘‘त्या कळा माझ्या बोटांना माहीत नाहीत,’’ काका स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. त्यांची बोटं मराठी टाइपरायटरवर तयार झालेली, रेमिंग्टनच्या मांडणीवर. तीच मांडणी ते जुनाट सॉफ्टवेअर देत होतं. आणि ती ‘कुठलीशी’ स्क्रिप्ट? दोन अक्षरं मारली की प्रतिज्ञापत्राचा ठरलेला अख्खा परिच्छेद उमटायचा. ती बंद, म्हणून काका आज तो परिच्छेद शब्द-शब्द टाइप करत होते. आजोबा घड्याळाकडे बघत होते. मी कुठेच बघत नव्हतो.

गाडी मिळाली त्यांना. कशीबशी.

दुपारी आम्ही यादी पुन्हा उघडली. या वेळी काका खुर्चीत आणि मी स्टुलावर. घरमालक भाडेकरूची करतो तशी चौकशी सुरू झाली. ‘‘हा कोण? याची कळ मेली तर गिऱ्हाईक खोळंबतं का?’’ मराठी आणि स्क्रिप्ट, दोघांचं खोळंबतं, ते राहिले. स्क्रीनशॉटची कळ विंडोजची स्वतःची आहे, विंडोज-शिफ्ट-एस, त्यामुळे तो भाडेकरू गेला. ईमेलचं बटण काकांनी जन्मात दाबलेलं नव्हतं. बाकी लागतील तेव्हा डबल क्लिक करून उघडायचे.

कॉम्प्युटर आता दोन मिनिटं घेतो. ‘‘चहा येईपर्यंत होतं,’’ काका म्हणाले.

पुण्याला परतल्यावर माझ्या लॅपटॉपची यादी पाहिली. २१ प्रोग्राम, त्यातल्या आठांच्या कळा कोणत्या हे मलाच आठवेना. काकांना फोन लावला. ‘‘वाच एकेक,’’ ते म्हणाले.