श्रूजबरीचा बेत

लांबच्या प्रवासाचा बेत आखणे त्या मानाने सोपे असते. पंधरा-वीस दिवस हाताशी असले की माणूस उदार होतो. हे पाहू, तेही पाहू, राहिलेच काही तर परतताना पाहू, असे म्हणत यादी वाढवीत नेतो. खरी कसोटी लागते ती दोन रात्रींच्या मुक्कामात. तिथे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या एखाद्या गोष्टीला बाजूला सारूनच आत शिरते. काय पाहायचे हे ठरविताना कशाकडे पाठ फिरवायची हेही आपोआप ठरत जाते, आणि असा कागद तयार झाल्यावर नीट पाहिला, तर त्यात गावापेक्षा आपलीच ओळख अधिक सापडते.

येत्या मे महिन्यात मी बर्मिंगहॅमला भाचीकडे जाणार आहे. ती तिथे बांधकाम अभियंता आहे. शुक्रवार-सोमवार रजा टाकून एखाद्या जुन्या नदीकाठच्या गावी दोन-तीन दिवस राहून यावे, ही कल्पना तिचीच. इंग्लंडात अशा गावांना तोटा नाही. डरहॅम आहे, यॉर्क आहे, एव्हन नदीवरचे स्ट्रॅटफर्ड तर शेक्सपिअरमुळे आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण नकाशावर फिरता फिरता तिचे बोट थांबले ते श्रूजबरीवर. बर्मिंगहॅमहून आगगाडीने तासाभराची वाट, वेल्सची सीमा हाकेच्या अंतरावर, आणि गाव असे की पायी फिरून संपावे. या नावाचा आरंभ 'श्रू' असा करावा की 'श्रो', यावर खुद्द तिथल्या रहिवाशांचेही एकमत नाही. ज्या गावाला आपल्या नावाविषयीही वाद घालता येतो, ते गाव मला एकदम जवळचे वाटले.

सेव्हर्न ही ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी. सुमारे ३५४ किलोमीटर. वेल्सच्या डोंगरात उगम पावून ती पूर्वेकडे येते आणि श्रूजबरीला असा काही वळसा घालते की गाव जवळजवळ बेट होते. उत्तरेला तेवढी एक अरुंद मान मोकळी राहते, आणि त्या मानेवर नेमका अकराव्या शतकातला तांबड्या दगडाचा किल्ला उभा आहे. पूर्वेच्या पुलाचे नाव इंग्लिश ब्रिज, पश्चिमेच्या पुलाचे वेल्श ब्रिज. सीमेवरच्या गावाला दोन्ही बाजूंचे भान किती पक्के असते, ते या दोन नावांतच कळते. रेल्वे स्थानक किल्ल्याला लागूनच. जागा अपुरी पडली म्हणून त्याचे फलाट थेट नदीवर नेलेले आहेत. जवळच १९०३ मधली १८० खटक्यांची सिग्नल-केबिन आहे. हाताने खटके ओढून चालविल्या जाणाऱ्या केबिनींत जगातली सर्वांत मोठी म्हणून ती ओळखली जाते. भाचीने यादीत पहिली नोंद केली ती या केबिनीची.

मे महिना आम्ही विचार करून निवडला. नदीने वेढलेल्या गावाला नदीचे भयही असतेच. २०००च्या शरद ऋतूत सेव्हर्नने गावात मोठा पूर आणला. त्यानंतर वेल्श ब्रिजपलीकडच्या फ्रँकवेल भागात पुराच्या वेळी उभारून नंतर काढून ठेवता येतील असे अडसर बसविले गेले. तरीही २०२० आणि २०२२ च्या फेब्रुवारीत पाणी पुन्हा रस्त्यांवर आलेच. हिवाळ्यात दिवसही जेमतेम साडेसात तासांचा. मेमध्ये मात्र रात्री नऊपर्यंत उजेड असतो; दोन दिवसांच्या पाहुण्याला ही तर तिसऱ्या दिवसाची देणगीच.

शुक्रवारची संध्याकाळ गल्ल्यांसाठी ठेवली. खाटकांची आळी, मासळीची गल्ली, दुधाची गल्ली ही नावे वाचून पुण्याच्या तपकीर गल्लीची आठवण व्हावी. मार्डोल, डॉगपोल, वायल कॉप ही नावे तर उच्चारूनच पाहावीत. काळ्या लाकडी चौकटी आणि पांढऱ्या भिंतींची जुनी घरे, आणि त्यांच्या मधून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर उतरणारे अरुंद बोळ. या बोळांना तिथे 'शट' असे खास नाव आहे. या सगळ्या वाटा फिरून फिरून शेवटी चौकात येतात. बेताला पहिली अडचण आली ती तिथेच.

चौकात १५९६ मधली जुनी बाजार-इमारत आहे आणि तिच्यासमोर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा. मारोकेट्टी नावाच्या शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा १८६० मध्ये बसविला गेला. क्लाइव्ह याच श्रॉपशायर परगण्यात १७२५ मध्ये जन्मला. प्लासीनंतर अमाप पैसा घेऊन परतल्यावर १७६१ पासून मरेपर्यंत तो श्रूजबरीचा संसद-सदस्य होता. १७६२ मध्ये गावाचा महापौरही झाला. गावाचा दुसरा मोठा पुत्र चार्ल्स डार्विन. तो १८०९ मध्ये इथेच जन्मला, इथल्याच शाळेत शिकला, आणि त्या शाळेने आपल्याला फारसे काही दिले नाही असे पुढे आत्मचरित्रात लिहून मोकळा झाला. त्या शाळेच्या जुन्या इमारतीत आता वाचनालय आहे आणि त्याच्या दारापुढे डार्विनचा बसलेला पुतळा, १८९७ मधला. एकजण चौकात उभा, दुसरा वाचनालयापुढे बसलेला. दोघांतले अंतर पायी पाच-सात मिनिटांचे.

प्लासीचा क्लाइव्ह सर्वांना ठाऊक असतो. मला मात्र तो लहानपणापासून वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. आमचे मूळ गाव वाघोटन खाडीच्या काठचे. विजयदुर्गाच्या बुरुजावर उभे करून आजोबा खाडीकडे बोट दाखवीत आणि म्हणत, "आंग्र्यांचं आरमार इथं जळलं." ही गोष्ट फेब्रुवारी १७५६ ची. समुद्राच्या बाजूने अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजे होती आणि जमिनीवर उतरलेल्या फौजेचा प्रमुख होता क्लाइव्ह. तोफांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि बघता बघता सारे आरमार भस्म झाले. इंग्रज कागदपत्रांत या किल्ल्याचे नाव घेरिया असे येते. लूट सुमारे १० लाख रुपयांची. ती कोणी किती घ्यायची, याचा ठराव मुंबईहून निघण्यापूर्वीच झालेला होता. तिथून पुढे क्लाइव्ह मद्रासकडे आणि मग बंगालमध्ये गेला. प्लासीची लढाई झाली ती जून १७५७ मध्ये, म्हणजे अवघ्या सोळा महिन्यांनी.

हे मी भाचीला फोनवर सांगत होतो आणि यादी लांबत चालली होती. पुतळा, क्लाइव्ह महापौर असताना राहिला ते घर, त्याची कबर असलेले खेडे... ती ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, तुम्ही सुट्टीला येताय की खटला चालवायला?"

हसून मी विषय बदलला, पण प्रश्न मागे राहिला. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. ती त्या देशात राहते, तिथे घरे बांधते. रोज अशा पुतळ्यांखालून जाणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी थांबून हिशेब मागता येत नाही. आणि मला तरी विश्रांती हवी होती की साक्ष? दोन दिवसांचे पैसे मोजून, लांबचा प्रवास करून, एखाद्या दगडी माणसापुढे मनातल्या मनात कैफियत मांडण्यात काय अर्थ?

शिवाय खटला चालवायचाच तर तो पुरता चालवावा लागेल. विजयदुर्गावर इंग्रज आपणहून चालून आले नव्हते. नानासाहेब पेशव्यांनीच तुळाजीविरुद्ध त्यांच्याशी करार केला होता. जमिनीवर पेशव्यांची फौज होती. तुळाजी शरण आला तो तिलाच, आणि त्याचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. किल्ला इंग्रजांनी काही महिने धरून ठेवला आणि त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांना दिला. पश्चिम किनाऱ्यावरचे मराठ्यांचे सागरी बळ असे मराठ्यांच्याच संमतीने जळाले. आजोबांच्या गोष्टीत हा भाग येत असे, पण हळू आवाजात. म्हणजे श्रूजबरीच्या चौकात उभे राहून बोट दाखवायचे झाले, तर ते बोट फिरून पुण्यापर्यंत येणार.

तिकडची बाजूही वाटते तितकी एकसुरी नाही. क्लाइव्हच्या संपत्तीची चौकशी त्याच्या हयातीतच ब्रिटिश संसदेत झाली. १७७४ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये त्याचा अंत झाला. श्रॉपशायरमधल्या मोर्टन से या खेड्याच्या चर्चमध्ये त्याला पुरले, तेही खुणेच्या दगडाविना. जून २०२० मध्ये ब्रिस्टलला गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा लोकांनी पाडला, तेव्हा श्रूजबरीतला क्लाइव्हही हलवावा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये परगण्याच्या कौन्सिलने मतदान घेऊन पुतळा जागीच ठेवला. निर्णय काहीही झाला असो, प्रश्न त्या गावाने स्वतःला विचारला होता. मग मी तिथे एकट्याने न्यायाधीश होऊन जाण्याचे कारण उरले नाही. न जाण्याचेही उरले नाही.

प्रश्न राहिला शनिवारचा. भाचीला आयर्नब्रिज पाहायचे होते. श्रूजबरीच्या खाली, त्याच सेव्हर्नवर १७७९ मध्ये उभारलेला जगातला पहिला मोठा ओतीव लोखंडाचा पूल. अभियंत्याला तो तीर्थासारखाच. मला ओढ होती ती उलट दिशेची. सीमेपलीकडे वेल्शपूलला आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते, आणि तिथे पोविस कॅसल आहे. क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याचे लग्न १७८४ मध्ये या घराण्यात झाले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा हाच एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. बापलेकांनी हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तूंचे दालन त्या किल्ल्यात आहे. टिपूच्या सिंहासनावरचे सोन्याचे वाघमुख आणि टिपूचा छापील कापडी तंबू त्या दालनातले. १९५२ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. विजयदुर्गाची एखादी खूण तिथे सापडेल अशी माझी अपेक्षा नाही. रोकड वाटली गेली, जहाजे जळली. तरीही ते दालन पाहायला हवे असे मला वाटत होते. पुतळा त्या माणसाविषयी गावाला काय वाटले ते सांगतो. वस्तू तो माणूस काय घेऊन गेला ते सांगतात.

दोन्ही जागा एका दिवसात बसत नव्हत्या. चार दिवस आम्ही एकमेकांना वेळापत्रके पाठवीत राहिलो. शेवटी तोडगा तिनेच काढला. श्रूजबरीतच, मध्यवस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, १७९७ मधली एक सूतगिरणी आहे. जवसाच्या तागाचे सूत काढणारी ही इमारत, लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली जगातली पहिली. आजच्या उंच इमारतींची ती पणजी. बरीच वर्षे ती पडीक होती. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये लोकांसाठी उघडली. "पूल पुढच्या वेळी," भाची म्हणाली. "गिरणी रविवारी दुपारी. शनिवारी तुमच्या पोविसला मीही येते. तो तंबू शिवलाय कसा, ते मला बघायचंय." खटल्याचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

रविवारची सकाळ अ‍ॅबीला दिली आहे. १०८३ मधला हा मठ इंग्लिश ब्रिज ओलांडला की लागतो. पहिल्या महायुद्धातला कवी विल्फ्रेड ओवेन याचे आईवडील याच गावात राहत. तो ४ नोव्हेंबर १९१८ रोजी पडला. मृत्यूची तार घरी पोहोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना. त्याच्या स्मरणार्थ १९९३ मध्ये अ‍ॅबीच्या आवारात एक शिल्प उभारले आहे. त्याच्यापुढे मला थोडा वेळ थांबायचे आहे.

तयार झालेल्या कागदावर क्लाइव्हच्या पुतळ्यासाठी वेगळा वेळ नाही. तो चौकातच आहे, जाता-येता दिसणारच. महापौराचे घर आणि मोर्टन से आम्ही गाळले. डार्विनसाठी वाचनालयापुढचा बाक पुरेसा आहे. सोमवारी सकाळच्या रकान्यात भाचीने फक्त 'नदी' असे लिहिले. सेव्हर्न आधी वेल्शपूलवरून येते, मग श्रूजबरीला वळसा घालते, आणि पुढे आम्ही न पाहिलेल्या त्या लोखंडी पुलाखालून समुद्राकडे जाते. तिच्या काठच्या क्वारी बागेत तिकडच्या लाइम वृक्षांची लांबलचक रांग आहे असे वाचले. गाडी साडेअकराच्या सुमाराची धरली आहे. तोवर त्या झाडांखाली बसायचे, आणि भाचीने विचारले तर विजयदुर्गाची गोष्ट तिला पहिल्यापासून सांगायची. आजोबा हळू आवाजात सांगत तो भागही.