मॉरिशसचे गुरुजी

पनवेल म्हणजे कोकणाची वेस. गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत येथील एस. टी. स्थानकावर व रेल्वेच्या फलाटावर जी दाटी उसळते ती पाहिली की, अर्धी मुंबई आपल्या मुळाकडे धावत सुटली आहे असे वाटते. अशाच मुळाच्या शोधात निघालेले एक वृद्ध गृहस्थ गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी आमच्या चर्चच्या दारात उभे राहिले. वहाणा पायरीखाली काढून ठेवलेल्या, खांद्याला कापडी पिशवी.

"फादर, एक मेणबत्ती लावायची होती. चालंल ना?"

बोली रत्नागिरीकडची, पण तिचा हेल मात्र मी कोठेच ऐकलेला नव्हता. कोठून आलात म्हणून विचारले, तर म्हणाले, "मॉरिशसहून."

"ख्रिस्ती आहात का?" हा माझा दुसरा प्रश्न. निदान आधी 'बसा' तरी म्हणायला हवे होते, हे मागाहून सुचले.

ते हसले. "नाही, फादर. घरी गणपती बसतो. पण निघताना पेर लावालच्या समाधीवर सांगून आलो होतो, कोकणाच्या वेशीवर पोचलो की पहिल्या चर्चात मेणबत्ती लावीन."

पेर लावाल हे नाव सेमिनरीत असताना कानावरून गेले होते, इतकेच. जाक-देझिरे लावाल हे मूळचे नॉर्मंडीतील डॉक्टर. पुढे धर्मगुरू होऊन १८४१ साली ते मॉरिशसला गेले. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली होती. परंतु मुक्त झालेल्या काळ्या माणसांना कोणी जवळ करीत नव्हते. लावाल यांनी त्यांची क्रिओल बोली शिकून घेतली, त्याच बोलीत धर्मशिक्षण दिले आणि त्यांच्यातूनच धर्मशिक्षक उभे केले. गोऱ्या मळेवाल्यांनी त्यांची टिंगल केली. ९ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांचे निधन झाले आणि २९ एप्रिल १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. आजही ८ सप्टेंबरच्या रात्री पोर्ट लुईजवळील सेंट-क्रुआ येथे त्यांच्या समाधीकडे माणसे पायी चालत जातात आणि त्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, चिनीही असतात. "तो सगळ्यांचाच," गुरुजी सहज बोलून गेले. हो, ते गुरुजीच होते. तेथील सरकारी प्राथमिक शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवली होती.

मेणबत्ती लावून झाल्यावर आम्ही चहा घेत बसलो. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची ती प्रत होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची जुनी दप्तरे जपून ठेवलेली आहेत. तेथून ती मिळाली होती. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण आणि गाव. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदुस्थानी मजूर त्या बेटावर उतरले. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे, पण मुंबई बंदरातून रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसेही गेली. महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ज्या धक्क्यावर ती उतरली त्या आप्रवासी घाटाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. तेथे दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. गुरुजी दरवर्षी त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीवर क्षणभर बसतात.

इंग्रज कारकुनाने गावाचे नाव कानाला लागले तसे लिहिलेले. अक्षरे जुळवून पाहिली तर तीन निरनिराळी गावे निघत होती. माणसाचे नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले. खरे आडनाव काय होते ते आता कोणालाच माहीत नाही.

मराठी घरे तेथे मूठभर. कोर्टात इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच, घरात आणि बाजारात क्रिओल. तरीही गणपतीला जाखडी नाचतात. ते तिला 'झाकरी' म्हणतात. गणेश चतुर्थीची सुट्टी साऱ्या देशाला असते, तशीच ईदची, चिनी नववर्षाची, तमिळांच्या कावडीची आणि नाताळाची. शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीही सरकारी खर्चाने शिकवतात, आणि २०१२ पासून क्रिओलही.

"म्हणजे सगळे गोडीगुलाबीने चालले आहे म्हणायचे," मी म्हणालो.

गुरुजींनी कप खाली ठेवला. १९६८ साली स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली. घरेच्या घरे वस्ती सोडून गेली. १९९९ साली काया नावाचा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला तेव्हा पुन्हा जाळपोळ झाली. १९९८ साली नोटेवर हिंदी आधी की तमिळ आधी, एवढ्यावरून गदारोळ उठून त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. "भांडतो, फादर. पण बेट लहान. भांडून जाणार कुठं?"

मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडं तमिळ लोक असतील ना? त्यांची प्रार्थना कधी असते?"

मी वेळापत्रकाबद्दल काहीतरी बोललो. खरे उत्तर निराळे होते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या सणाच्या तयारीत एका तमिळ कुटुंबाने ख्रिस्तप्रसादाच्या वेळी एकच तमिळ गीत गाण्याची परवानगी मागितली होती. मी नाही म्हणालो. आज तमिळ, उद्या मल्याळम, परवा कोकणी. मग मराठीला कोण विचारणार? इंग्रजी मिस्साला उभे राहायला जागा नसते आणि मराठी मिस्साला बाके रिकामी राहतात, हे दुःख मला आहे. या पानांच्या वाचकांनाही असेल. त्या दुःखाला मी तत्त्वाचे नाव दिले होते. त्या कुटुंबातील आजी काही बोलल्या नाहीत. नमस्कार करून गेल्या.

आणि माझ्यासमोर बसला होता दुसऱ्यांच्या बेटावर दीडशेहून अधिक वर्षे टिकलेल्या मराठीचा एक गुरुजी!

ईस्टरनंतर मी त्या आजींच्या घरी गेलो. दाराला कुलूप होते. मुलाची बदली झाली, सगळी कोईमतूरकडे गेली, असे शेजारणीने सांगितले. पत्ता तिच्याकडे नव्हता. यंदाच्या सणाला तमिळ गीत झाले; गायकवृंदातील दोन मुलींनी उच्चार पाठ करून म्हटले. ते ज्यांनी मागितले होते, ते मात्र तेथे नव्हते.

गुरुजी पाच दिवस रत्नागिरीकडे फिरून मायदेशी परतले. तीनपैकी दोन गावांत ते गेले, देवळात चौकशी केली, वयस्क मंडळींना कागद दाखवला. काही लागले नाही. तिसऱ्या गावी जायला वेळ उरला नाही. कागदाची एक प्रत ते माझ्याकडे ठेवून गेले आहेत, ती मी माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आहे. चर्चच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या बाई त्या तिसऱ्या गावच्या निघाल्या. येत्या शिमग्याला गावी जाईन तेव्हा थोरल्या दिरांना विचारून येते, असे त्या म्हणाल्या आहेत.