चौदा एक्स्टेंशन्स आणि ताईची झोप

आधी एक कबुली. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यावर ग्नोम डेस्कटॉप, आणि त्यावर मी तब्बल चौदा एक्स्टेंशन्स चढवली होती. खाली डॉक, वर हवामान, काचेसारख्या पारदर्शक पट्ट्या... अहो, एक बटण दाबलं की बसतं, मग मोह कुणाला आवरतो? ऑफिसात लोक थांबून बघायचे. मीही स्क्रीन जरा तिरका करूनच ठेवायचे!

ऑक्टोबर २०२३ मध्ये नवं व्हर्जन घेतलं, ग्नोम ४५. रीस्टार्ट केलं आणि सगळं गायब. कोरा, मुका डेस्कटॉप. ही एक्स्टेंशन्स थेट ग्नोमच्या पोटात शिरून चालतात, आणि ४५ मध्ये त्यांचा कोड लिहायची पद्धतच बदलली. माझ्याकडचं जुनं एकही चालेना. मी शहाणी! प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये एक फाइल असते, त्यात ते कुठल्या व्हर्जनवर चालतं ते आकडे. तिथे गुपचूप ४५ घुसवलं. लॉगआउट, लॉगइन. नुसतं 'एरर'.

त्या वैतागात ताईला फोन लावला. ती टोरांटोला. तिची वेळ दाखवणारं एक्स्टेंशनही गेलेलं, म्हणून हिशेब तोंडी. शनिवार, दुपारचे बारा, त्यात साडेनऊ तास मिळवले, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ. बेस्ट! फक्त ते मिळवायचे नव्हते, वजा करायचे होते. पलीकडे रात्रीचे अडीच. तिचा पहिला प्रश्न, "बाबा बरे आहेत ना?" बाबांची बायपास होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मला बोलायला सुचेना. "घड्याळ बिघडलं गं," एवढंच म्हटलं.

फोन ठेवला आणि साफसफाईला बसले. एक्स्टेंशन्सच्या ॲपमध्ये नुसतं बंद केलं तर फोल्डर तिथेच राहतं. खरंच घालवायचं तर 'रिमूव्ह'. एकेक काढताना आठवेना, हे घेतलं कशाला? (हवामान! खिडकी शेजारीच आहे.) पुढे डॉकचं नवं व्हर्जन आलं, तेवढं परत घेतलं.

आणि घड्याळ? त्याला एक्स्टेंशन लागतच नव्हतं. ग्नोमच्या क्लॉक्स ॲपमध्ये शहर टाकलं की वरच्या तारखेवर क्लिक केल्यावर तिथली वेळ दिसते. टोरांटो टाकलंय. ताई मात्र अजूनही फोन उचलला की आधी म्हणते, "सांग बघू, माझ्याकडे किती वाजलेत?"