किंमत कोणी मोजली?

३ जून

‘द सायलेंट पेशंट’ काल रात्री संपवलं. अ‍ॅलेक्स मायकेलिडिसची ही पहिली कादंबरी, २०१९ची. अ‍ॅलिशिया बेरेन्सन ही चित्रकार नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर कोणाशी एक शब्दही बोलत नाही. उत्तर लंडनमधल्या बंदिस्त मनोरुग्णालयात तिला ठेवलंय. तिला बोलतं करायचंच, म्हणून थिओ फेबर हा मानसोपचारक तिथे नोकरी धरतो. सुरुवात इतकी पक्की आहे की पुस्तक खाली ठेववत नाही.

सगळ्यात आवडली ती तिच्या मौनामागची ग्रीक कथा. युरिपिडीसच्या नाटकातली अल्सेस्टिस नवऱ्याच्या जागी स्वतः मरायला तयार होते. तिला मृत्यूकडून परत आणलं जातं, पण परतल्यावर ती गप्प असते. ज्याने आपल्याला मरू दिलं त्याच्याशी बोलायचं काय? खुनानंतर अ‍ॅलिशियाने काढलेल्या आत्मचित्राला हेच नाव आहे. हा प्रश्न एका कादंबरीला पुरून उरेल एवढा मोठा आहे.

पण लेखक त्याच्यापाशी थांबत नाही. डॉक्टर, दीर, शेजारी, जो भेटेल तो संशयास्पद वागतो, आणि तेही केवळ आपली नजर भलतीकडे जावी म्हणून. शेवटचा धक्का काळाच्या मांडणीत केलेल्या लपवाछपवीतून येतो. धक्का बसतो, जोरात बसतो. आज सकाळी सुरुवातीची प्रकरणं परत चाळली. लेखकाने काय कुठे लपवलं होतं ते दिसलं, पण अ‍ॅलिशिया कालच्यापेक्षा जास्त कळली नाही. उलगडा झाल्यावर माणूस अधिक कळायला हवा. इथे फक्त युक्ती कळते.

५ जून

अ‍ॅलिशियाच्या डायरीबद्दल लिहायचं राहिलं. भेदरलेली बाई डायरी लिहिते आणि त्यात दोन-दोन पानांचे संवाद शब्दशः उतरवते, कोण खोलीत कुठे उभं होतं यासकट. रोजनिशी अशी नसते. ज्याची सगळ्यात भीती वाटते त्याचं नावसुद्धा माणूस वहीत टाळतो. वाक्यं अर्धी सुटतात.

म्हणून गिलियन फ्लिनची ‘गॉन गर्ल’ (२०१२) पुन्हा काढली. तिच्यातही बायकोची डायरी आहे आणि तीही अशीच घोटीव, नको तितकी नेटकी. पण अर्ध्या पुस्तकात कळतं की तो नेटकेपणाच पुरावा होता. एमीने ती डायरी पोलिसांच्या हाती लागावी म्हणूनच लिहिलेली आहे. दुसऱ्या लेखकाकडे जी सोय ठरते, तिचा फ्लिनने सापळा केला.

शिवाय हे सगळं एमीच्या स्वभावातून येतं. तिच्या आई-वडिलांनी ‘अमेझिंग एमी’ नावाची मुलांची पुस्तकमाला लिहून नाव आणि पैसा मिळवला. घरात एक मुलगी आणि पुस्तकात तिच्याहून चांगली दुसरी. अशा घरात वाढलेली बाई स्वतःचं आयुष्य गोष्टीसारखं लिहून काढणार, यात नवल नाही. शेवट अनेकांना आवडत नाही. मला तोच योग्य वाटतो. त्या नवरा-बायकोला एकमेकांच्या ताब्यात ठेवण्याहून मोठी शिक्षा कोणत्याही कोर्टाने दिली नसती.

१० जून

फ्रीडा मॅकफॅडनची ‘द हाउसमेड’ (२०२२) दोन बैठकांत वाचून झाली. लेखिका पेशाने डॉक्टर आहे, मेंदूच्या इजांवर उपचार करणारी. तुरुंगातून पॅरोलवर सुटलेली मिली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका श्रीमंत घरात राहून काम करायला येते. तिला मिळते माळ्यावरची खोली. खिडकी उघडत नाही आणि दाराला कुलूप बाहेरून.

त्या खोलीसाठी पुस्तक वाचावं. त्याहून खरं म्हणजे, मिली ही नोकरी सोडून का जात नाही, याचं उत्तर लेखिकेने पहिल्यापासून दिलेलं आहे. ती गाडीत झोपत होती, आणि तुरुंगात जाऊन आलेल्या बाईला काम देतं कोण? रहस्यकथेत माणसं धोक्याच्या घरात उगाच रेंगाळतात. ही रेंगाळत नाही, तिला जायला जागाच नाही.

दुसरा भाग मालकीण नीनाच्या तोंडून सुरू होतो, आणि इथवर जिचा राग येत होता तिची बाजू समोर येते. हा पालट खरा आहे, कारण त्याने एक माणूस वाढतो. दुर्दैवाने त्याच वेळी घरातलं दुसरं एक माणूस सपाट होऊन जातं, दुष्टपणापलीकडे त्याला काही उरत नाही. भाषा साधी आहे, काही ठिकाणी फारच साधी. तरी पुस्तक फसवत नाही. जे देईन म्हणालं ते देतं.

१४ जून

आज पावसाने बाहेर पडता आलं नाही. केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ संपवली. मूळ जपानी पुस्तक २००५चं, तिथल्या मानाच्या नाओकी पुरस्काराचं मानकरी. सुजॉय घोषने त्यावरून २०२३ मध्ये कालिम्पाँगमध्ये घडणारा ‘जाने जां’ केला, तो घरी सगळ्यांनी पाहिलेला. तरी पुस्तकाने धरून ठेवलं.

खून कोणी केला हे सुरुवातीलाच समजतं. यासुको बेंतोच्या म्हणजे डब्यांच्या दुकानात काम करते. छळणारा माजी नवरा घरी येतो आणि झटापटीत मारला जातो. शेजारचा इशिगामी, शाळेतला गणिताचा मास्तर, दार वाजवतो आणि मदत करू का विचारतो. तो तिच्यावर मुकाट प्रेम करतो. मग तो पोलिसांसाठी एक कोडं रचतो, आणि ते सोडवायला येतो त्याचाच कॉलेजमधला मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा.

परीक्षेत इशिगामी असे प्रश्न घालतो की वरून भूमितीचे वाटावेत आणि आतून निघावेत दुसऱ्याच प्रकारचे. लेखकानेही वाचकाला तसाच प्रश्न घातलाय. आणि तो प्रामाणिक आहे. पहिल्याच प्रकरणात इशिगामी सकाळी शाळेला पायी निघतो, त्या वाटेवर उत्तर उघड्यावर ठेवलेलं आहे. मीही त्या वाटेने गेले आणि पुढे निघून आले.

उलगडा होतो तेव्हा छातीत कळ येते. पण नंतर दिवसभर एक गोष्ट सलत राहिली. इशिगामीच्या त्यागाची सगळ्यात मोठी किंमत इशिगामीने मोजलेली नाही. या प्रेमाशी ज्याचा सुतराम संबंध नव्हता अशा माणसाने ती मोजली, आणि त्याच्यासाठी पुस्तकात कोणी रडत नाही. कादंबरी थोर आहे. म्हणूनच तिला हा प्रश्न विचारावासा वाटतो. किंमत कोणी मोजली?

२० जून

भाचीने ‘फोर्थ विंग’ आणून दिलं. रेबेका यारोसची २०२३ची कादंबरी, ड्रॅगन, युद्धशाळा आणि प्रेम असं सगळं असलेली. “मावशी, निदान शंभर पानं वाच, मग बोल,” म्हणाली. शंभरावर थांबता आलं नाही.

व्हायोलेट ग्रंथागाराची मुलगी. लेखनिक व्हायची तिची तयारी, पण सेनानी आई तिला ड्रॅगनस्वारांच्या तुकडीत घालते. प्रवेशालाच उंचावरचा अरुंद दगडी पूल पार करायचा, पाय घसरला की संपलं. तिचे सांधे निखळतात, हाडं चटकन मोडतात. यारोसला स्वतःला एहलर्स-डॅनलोस हा संयोजी ऊतींचा विकार आहे, आणि नायिकेचं दुखणं तिने त्या अनुभवातून लिहिलंय. ते प्रत्येक पानावर जाणवतं. व्हायोलेट सांधे घट्ट बांधून उठते, आणि ताकद पुरत नाही तिथे विषांचं ज्ञान वापरते. दुबळ्या शरीराची नायिका चमत्काराने बरी होत नाही, शरीर सांभाळत लढते. यासाठी या पुस्तकाला माझा मनापासून सलाम.

दुसरी आवडलेली गोष्ट भाचीला फारशी जाणवली नव्हती. या राज्याने आपल्या इतिहासातला एक भागच ग्रंथागारातून काढून टाकलाय. उरली आहे ती वडिलांनी ठेवलेल्या एका पुस्तकातली लोककथा. जे बालकथा म्हणून सोडून दिलं तेच खरं निघतं, आणि ते ओळखायला वाचणारी मुलगी लागते.

खटकलं ते मरणाचं स्वस्त होणं. रोज सकाळी मेलेल्या विद्यार्थ्यांची नावं पुकारली जातात आणि पुढच्याच पानावर थट्टामस्करी सुरू. शेवटी एका मित्राचा मृत्यू येतो तो मात्र खरा लागतो, कारण तो मित्र आपल्याला भेटलेला होता.

२४ जून

पुढचा भाग ‘आयर्न फ्लेम’, तोही २०२३चाच. निम्मं पुस्तक एकाच भांडणावर चालतं. प्रियकर झेडेनने सगळं सांगितलं नाही म्हणून व्हायोलेट रागावलेली, आणि तो म्हणतो तू नीट विचार, मी सांगेन. पहिल्यांदा हे भांडण पटतं, कारण त्याच्या गुपितावर कित्येकांचे जीव अवलंबून आहेत. पुढे पुढे मात्र ते प्रेमिकांना दूर ठेवण्यापुरतं उरतं. गुपित पात्राला जड व्हायला हवं. इथे ते वाचकालाच जड होतं.

२९ जून

सारा जे. मासची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) आणि तिचा दुसरा भाग ‘अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी’ (२०१६) ओळीने वाचले. पहिल्याचा अर्धा भाग संथ आहे. घर पोसायला शिकार करणारी फेयरा एका लांडग्याला मारते, तो निघतो परीलोकातला. शिक्षा म्हणून तिथल्या टॅमलिन या सरदाराच्या महालात राहणं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची ओळखीची वाट. शेवटी डोंगराच्या पोटातल्या परीक्षा आल्या की पुस्तक जिवंत होतं. प्रियकराला सोडवण्यासाठी फेयराला निरपराधांचे जीव घ्यावे लागतात, आणि ती घेते.

बहुतेक प्रेमकथा इथे फुलं उधळून संपल्या असत्या. दुसरा भाग त्या हत्यांपासून सुरू होतो. फेयराला रात्री ओकाऱ्या होतात, लाल रंग सहन होत नाही, चित्र काढता येत नाही. आणि ज्याच्यासाठी हे केलं तो टॅमलिन काळजीच्या नावाखाली तिला घरात कोंडतो. वाचकांनी ज्याच्यावर एक अख्खं पुस्तक जीव लावला त्या नायकाला लेखिकेने असं उघडं केलं. मोठी हिंमत आहे ही. वाचकांना नाराज करण्याचा धोका तिने पत्करला.

फेयराला वाचता येत नसतं. दुसऱ्या भागातला नायक रायसँड तिला अक्षरं शिकवतो. सगळ्या मालिकेतली माझ्यासाठी सर्वात प्रेमाची जागा ती.

तिसऱ्या भागात (२०१७) ही धार बोथट होते. युद्ध होतं, माणसं मरतात, आणि जो मृत्यू सगळ्यात जास्त दुखतो तोच परत फिरवला जातो. दिलेली किंमत परत मिळते, तेव्हा आधीच्या अश्रूंचंही मोल उतरतं.

३ जुलै

या पुस्तकांतल्या शृंगाराबद्दल नाकं मुरडली जातात. माझं मत साधं आहे. जिथे शृंगारातून दोन माणसांमधलं काही बदलतं तिथे तो हवाच. मासच्या दुसऱ्या भागात बदलतं. स्वतःच्या शरीराची किळस आलेली मुलगी पुन्हा स्वतःची होते. यारोसच्या दुसऱ्या भागात अनेकदा काहीच बदलत नाही. तेवढी पानं मी उलटून टाकली. हा वाद आपल्याकडे कोर्टापर्यंत गेलेला आहे. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं. प्रेमकथेला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं करायची सवय जुनीच आहे.

अद्भुत आणि प्रेम यांची जोडही आपल्याला परकी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. ताटातूट, दुष्टांची कारस्थानं, संकटांमागून संकटं आणि शेवटी मीलन. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी वाड्याच्या माजघरात आणली, तिथल्या बायकांचं दुःख बोलकं केलं, आणि ते फार मोठं काम झालं. पण अद्भुतरम्य कादंबरी त्यानंतर कडेला गेली ती गेलीच. रहस्यकथेचं तसं झालं नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही नावं घराघरांत माहीत होती. वाचनालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या त्या वाचकांना समीक्षकांनी कधी मत विचारलं नाही. त्यांची मतं मला वाचायला हवी होती.

७ जुलै

आज भाचीशी खूप बोलणं झालं. माझी वही तिने वाचली. म्हणाली, “मावशी, तू सगळीकडे किंमत किंमत करतेस. आठ तास काम करून, लोकल पकडून घरी आल्यावर मला कोणी मरायला नको असतं. पुस्तकात तरी सगळे परत यावेत.”

तिचं म्हणणं खरं आहे. दिलासा ही छोटी गोष्ट नाही, आणि प्रेमकथेने सुखाचा शेवट द्यायलाच हवा, तिचा वाचकाशी करारच तो आहे. मी तिला एवढंच म्हटलं, की किंमत म्हणजे मरण नव्हे. रायसँड फेयराला वाचायला शिकवतो तिथे कोणी मरत नाही. पण तिला आपलं अज्ञान उघडं करावं लागतं, मान खाली घालून पहिलं अक्षर गिरवावं लागतं. नीनाला खरं बोलायला आपली लाज ओलांडावी लागते. पुस्तक संपताना कोणीतरी पहिल्या पानावर होतं त्याहून वेगळं झालेलं असावं. खून असो की ड्रॅगन, मी पुस्तकाकडे एवढंच मागते. ते मिळालं तर भाषा साधी असली तरी चालेल, योगायोगही मी सोडून देईन.

भाची म्हणाली, “मग ‘ओनिक्स स्टॉर्म’ घे.” घेतलं. यारोसचा तिसरा भाग, २०२५चा. व्हायोलेटने आता तरी भांडण पुढे न्यावं.

आणि एक इच्छा मनापासून लिहून ठेवते. मला हे सगळं मराठीत वाचायचं आहे. आपल्याकडे घाट आहेत, लेणी आहेत, गडांवरच्या दंतकथा आहेत, सातीआसरा आहेत. दीडशे वर्षांपूर्वी हळबे आणि रिसबूड यांनी हा मार्ग धरला होता. आजच्या एखाद्या मुलीने तो पुन्हा धरावा, नायिकेला मान वर करून प्रेम करू द्यावं, जादूला पुरती किंमत लावावी. तिचं पुस्तक आलं की पहिल्या दिवशी विकत घेईन, आणि जे वाटेल ते खरंखरं इथेच लिहीन.